बाटली आणा

या गोष्टीतली माणसं रचलेली आहेत. साल, जिल्हा आणि औषधं रचलेली नाहीत. तीही रचलेली असती तर बरं झालं असतं.

२०१७ चा भादवा. यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. धुऱ्यावर उभं राहिलं तर आत शिरलेला माणूस दिसत नसे, नुसता पंपाचा आवाज पुढे सरकताना ऐकू येई. एवढं पीक पाहून कोणालाही हरखून जावंसं वाटलं असतं, पण बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असं सांगितलं गेलं होतं. पंधरा वर्षांत अळी त्या बियाण्याला सरावली आणि शेतकरी पुन्हा कृषी केंद्राच्या पायरीवर येऊन बसला.

फाट्यावर शेठचं कृषी केंद्र होतं. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी मयत झाली तर न मागता पैसे देई, उधारीवर व्याज लावत नसे. लावत असेलच तर ते औषधाच्या किमतीत आधीच धरलेलं असे. कृषी सहायक गावात कधीमधी यायचा, शेठ रोज असायचा, म्हणून सल्ला शेठचा. पान पाहून रोग सांगायचा आणि रोग सांगता सांगता हात मागच्या फळीवर जायचा.

शेठची एक सवय मात्र सांगून ठेवतो. तो दुकानात डबा कधी उघडत नसे. दुपारी गल्ल्याला कुलूप लावायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन जेवायचा.

मागच्या फळीवर लाल त्रिकोणाच्या बाटल्या होत्या. कीटकनाशकाच्या लेबलावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. हिरवा सगळ्यांत सौम्य, मग निळा, मग पिवळा. लाल म्हणजे अतिविषारी आणि वरच्या भागात कवटी. मोनोक्रोटोफॉस या लाल रांगेतलं. स्वस्त आणि जोरकस, म्हणून शेतकऱ्याच्या तोंडी बसलेलं. भाजीपाल्यावर ते मारायला आपल्याकडे २००५ पासून मनाई, पण कापसावर चालत होतं.

नानाजी आले ते पायरी चढतानाच बोलत आले. अकरा एकर वावर, त्यात नऊ एकर पऱ्हाटी.

"शेठ, मागच्या खेपेच्या औषधानं काईच काम नाई केलं. अळी तशीच हाय."

"एकट्यानं नाही मरत आता ती, नानाजी," शेठ म्हणाला आणि काउंटरवर एकामागून एक चार वस्तू मांडल्या. मोनोक्रोटोफॉस. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र असलेली दुसरी बाटली. झाड हिरवंगार ठेवणारं टॉनिक. आणि एक बिनओळखीची बाटली, जिच्यावर पानाफुलांचं चित्र होतं आणि परवान्याचा नंबर नव्हता. "चारही एका पाण्यात टाका. मजुरी वाचते."

असं मिश्रण करायची शिफारस कुठल्याच लेबलवर नसते. शेठला हे ठाऊक होतं. चार औषधं चार वेळा मारायची तर मजुरी चौपट, आणि तेवढे पैसे नानाजींकडे नाहीत, हेही ठाऊक होतं. त्या महिन्यात कंपनीच्या स्कीममध्ये किती पेट्या निघाल्या की सहल मिळते, तेही. तीन गोष्टी एकदम ठाऊक असल्या की माणूस त्यातली सोयीची तेवढी बोलतो.

तरी शेठनं सांगितलं. हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. तोंडाला बांधायचं, हातमोजे घालायचे, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून मारायचं नाही, भर दुपारी नाही, उपाशीपोटी नाही, एकाच गड्याला रोज रोज लावायचं नाही. नानाजींनी मान डोलावली. त्यांचं चित्त उधारीकडे होतं. शेठनं वहीत एक ओळ लिहिली, "औषध", पुढे रक्कम, आणि त्याच मजकुराची एक चिठ्ठी नानाजींच्या हाती दिली. पक्कं बिल कोणी मागितलं नाही. माहितीपत्रकं पेटीच्या तळाशी राहिली, पेटी रद्दीत गेली.

फवारणी करायची होती मारोतीनं. तो काही नानाजींचा सालदार नव्हता, पंपावर काम करायचा. जितके पंप तितके पैसे. म्हणून पंप जितक्या लवकर रिकामा होईल तितकं बरं, आणि नवे पंप तर वाफेसारखा बारीक फवारा मारत. नानाजींनी धुऱ्यावर बाटल्या ठेवल्या आणि जाता जाता म्हणाले, "तोंडाले बांध बरं, मारोती." काउंटरवरच्या सहा सूचनांतली एक धुऱ्यापर्यंत आली होती. मारोतीनं दुपट्टा बांधला. अर्ध्या तासात तो घामानं आणि फवाऱ्यानं ओला झाला, नाकाला चिकटला, मग त्यानं तो काढून खांद्यावर टाकला. पंपात पाणी ओततेवेळी एकही सूचना शिल्लक नव्हती. औषध मात्र चारही बाटल्यांतलं पुरेपूर होतं.

डोक्यावर गेलेल्या पिकात फवारा वर धरावा लागतो. वर मारलेलं खाली कोणावर पडतं, ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी मारोतीला तासांमध्ये दोन मेलेले कोतवाल दिसले. त्यानं ते उचलून धुऱ्यापलीकडे फेकले आणि पुढचा पंप भरला.

पक्ष्यांवरून आठवलं. अर्जेंटिनाच्या गवताळ मुलखात १९९५-९६ मध्ये टोळांवर हेच मोनोक्रोटोफॉस मारलं गेलं. उत्तर अमेरिकेतून तिथं येणारे स्वेन्सन जातीचे शिकारी पक्षी ते टोळ खायचे. हजारोंनी मेले. जगभर बोभाटा झाला आणि पुढे त्या देशात ते औषध बंद झालं. पक्ष्यांच्या मरणानं एका देशात बाटली फळीवरून उतरली, हे चांगलंच झालं. आपल्याकडे काय काय होऊनही ती फळीवरच होती, ते पुढे येईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी मारोती धुऱ्यावर येऊन बसला. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, अंग घामानं निथळतंय. नानाजी म्हणाले, ऊन लागलं. लिंबू-पाणी पाजलं, झाडाखाली निजवलं. संध्याकाळी गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. रात्री दंडाच्या आणि मांड्यांच्या मांसाला आपोआप थरथर सुटली, श्वासात घरघर यायला लागली, तेव्हा त्याच्या बायकोनं शेजाऱ्याची गाडी काढायला लावली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं आधी टॉर्च मारून डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्या आठवड्यात हे तो इतक्या वेळा पाहून चुकला होता की नर्सनं त्याच्या सांगण्याची वाट न पाहता अॅट्रोपिन काढलं. आपल्या मज्जातंतूंतून निरोप पुढे नेणारं एक रसायन असतं, अॅसिटिलकोलीन. निरोप पोचला की एक विकर त्याला मोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट औषधं त्या विकरालाच जखडतात, मग निरोप थांबतच नाही. ग्रंथी वाहत राहतात, स्नायू फडफडत राहतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अळी अशीच मरते. माणसाचं यंत्र काही वेगळं नाही, फक्त डोस जास्त लागतो, आणि तो कातडीतूनही जातो. याच कुळातल्या संयुगांतून अळ्या मारायचं औषध शोधताना जर्मनीत १९३६ मध्ये गेरहार्ड श्राडर यांच्या हाती ताबुन लागलं, ज्याचा पुढे युद्धासाठी विषारी वायू झाला. वावरात आणि रणांगणात एकच घराणं नांदतं.

अॅट्रोपिन सुरू झालं. डॉक्टरनं विचारलं, "काय काय मारलं होतं?"

"औषध," बायको म्हणाली.

"कोणतं? सगळ्यांना एकच उतारा चालत नाही. काहींना उताराच नाही. एकत्र करून मारलं असेल तर काय काय होतं ते कळायला हवं. बाई, बाटली आणा."

तिनं नानाजींना फोन लावला. नानाजी बॅटरी घेऊन रात्री वावरात गेले. दोन बाटल्या नाल्यात फेकल्या होत्या, त्यातली एक झुडपात अडकलेली सापडली, पण लेबल पाण्यानं सुटलेलं. तिसरीचा पत्ता नव्हता. चौथी चांगली जाड प्लास्टिकची म्हणून घरी आणलेली, धुऊन घासलेटासाठी ठेवलेली. लेबल चुलीत गेलेलं. इथं नानाजींना हसण्याचं कारण नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतल्या माध्यान्ह भोजनानं २३ मुलं दगावली, त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं; तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं गेलं असावं, असं तेव्हा सांगितलं गेलं. रिकामा डबा रिकामा नसतो, हे देशानं तेव्हाच शिकायला हवं होतं. १९५८ मध्ये केरळ-मद्रासकडे पॅराथिऑन लागलेल्या अन्नानं शंभरावर माणसं गेली, त्यानंतर चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे कायद्याचा जन्मच अशा मरणांतून झालेला आहे.

आता जाणणारा एकच उरला. नानाजींनी शेठला फोन लावला. रात्रीचे साडेदहा.

"शेठ, डागदर नाव मांगते. कोणकोणतं देल्लं होतं तुमी?"

शेठला चारही नावं तोंडपाठ होती. त्यातलं एक नाव सांगितलं की परवाना नसलेला माल विकला हे उघड. मिश्रणाचं सांगितलं की सल्ला कोणी दिला हे उघड. तो म्हणाला, "साधंच होतं हो नानाजी. नेहमीचंच. काळजी करू नका, होईल बरं." आणि फोन बंद करून ठेवला.

पहाटे पाचला त्यानं दुकानाचं शटर अर्धं वर केलं. वही उघडली. त्या पानावर "औषध" एवढंच होतं. मागची पानं चाळली, हंगामभर सगळ्या नावांपुढे तेच. म्हणजे तो नसता तर कोणालाच काही कळलं नसतं, आणि तो असून रात्रभर कळलं नव्हतं. त्यानं चारही प्रकारची एकेक बाटली पिशवीत घातली आणि गाडीला किक मारली. घाबरून गेला की लाजेनं गेला, हे मला ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही.

वॉर्डात खाटा कमी पडून जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. डॉक्टरनं एकेक लेबल वाचलं, केसपेपरवर नावं लिहिली, नर्सला काही सांगितलं. रात्रीच का नाही आणलं, हे तो विचारील म्हणून शेठ उत्तर जुळवत उभा होता. डॉक्टर काही न विचारता पुढच्या खाटेकडे गेला. तिथला म्हातारा शेठकडे पाहत होता.

"शेठ, आमच्या पोरानंबी तुमच्याकूनच आणलं होतं. त्याचंबी सांगा ना, कोणतं होतं थे?"

मग पलीकडच्या गादीवरची बाई उठली. तिचा भाऊ. शेठ दुपारपर्यंत त्या वॉर्डात उभा राहून आठवत होता, कोणाला काय दिलं होतं. काही आठवलं, काही नाही. एकाचं आठवेपर्यंत वेळ गेली होती.

मारोती वाचला. सहा दिवसांनी शुद्धीवर धड आला, पण नजर आधीसारखी राहिली नाही. दूरचं धूसर, उजेडात डोळे चुरचुरत. कापूस वेचणीलाही तो त्या वर्षी उभा राहू शकला नाही.

महिन्याभरानं त्याची बायको दुकानात आली. वावरात काम नसलं की ती पलीकडच्या टपरीवर कपबश्या विसळायची. शेठला वाटलं पैसे मागायला आली असेल. त्यानं गल्ला उघडलासुद्धा.

"मी सगळं सांगितलं होतं ताई नानाजींना," तो आधीच म्हणाला. "विचारा त्यांना."

"इचारलं. नानाजी म्हनते, मी मारोतीले सांगतलं, तोंडाले बांध. यायनं बांधलं बी होतं." ती जरा थांबली. "शेठजी, तुमी इथं बसून जेवत नाई. किती वर्सं झाली, टपरीवर येऊन जेवता. हात धुता तवा साबण मी देते. मले वाटे, शेठले टपरीवरचा रस्सा लागते जेवणासंगं. तुमाले ठाऊक होतं ना?"

शेठनं गल्ला बंद केला. ती निघून गेली.

त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं दगावली आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाली. सरकारनं विशेष चौकशी पथक नेमलं. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री साठ दिवस थांबवली, मोनोक्रोटोफॉस त्यात होतं. साठ दिवस संपले. चर्चा पुष्कळ झाली आणि त्यातली बरीचशी अशी की मजूर किट घालत नाहीत, सूचना पाळत नाहीत. मग किट वाटली गेली. मारोतीलाही एक मिळालं: मोजे, चष्मा, मास्क, अंगभर कोट. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "हे घालून भादव्यात पऱ्हाटीत एक तास कोणी जाऊन दाखवा बाप्पा, मी पाणी पाजतो त्याले." त्याचं म्हणणं अडाण्याचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशकांविषयीची आचारसंहिताही हेच म्हणते: जे औषध वापरताना अवघड, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ते उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्याच्या हाती देणं टाळावं. सल्ला मजुराला नाही, विकणाऱ्याला आणि परवाना देणाऱ्याला आहे.

शेठच्या दुकानाची तपासणी झाली. बिनपरवान्याची बाटली त्यानं स्वतःच काढून दाखवली. काही महिने परवाना निलंबित राहिला. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा त्यानं एक नियम केला: लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची बाटली जो फवारणार त्यालाच मिळेल. मालकानं येऊन उपयोग नाही, गडी घेऊन या. गडी आला की शेठ त्याला समोर बसवायचा, लेबल मोठ्यानं वाचून दाखवायचा, बिलावर प्रत्येक औषधाचं पूर्ण नाव लिहायचा आणि दोन एका पाण्यात मागितली तर नाही म्हणायचा. कोणी घाई केली की म्हणायचा, "पाच मिनिटं लागतात. दवाखान्यात जास्त लागतात."

पहिल्या हंगामात लोकांनी कौतुक केलं. एका शेतकरी मेळाव्यात शाल-श्रीफळही मिळालं. दुसऱ्या हंगामात टपरीशेजारीच नवं कृषी केंद्र उघडलं. तिथं गडी आणावा लागत नव्हता, चिठ्ठी चालत होती, चारही औषधं एका पाण्यात मिळत होती. नानाजी दोन-तीनदा शेठकडे आले, मग तेही पलीकडे गेले. त्यांना दोष देऊ नका. एका फवारणीसाठी गड्याचा अर्धा दिवस मोडायचा, त्याची मजुरी कोण देणार? शेठची विक्री अर्ध्यावर आली. आता तो मुख्यतः बियाणं, ठिबकचे पाइप आणि कामगंध सापळे विकतो. कामगंध सापळा म्हणजे अळीच्या मादी पतंगाच्या वासानं नराला फसवून पकडणारी पिशवी, त्यात कोणाला विषबाधा होत नाही, आणि म्हणून त्यात फार नफाही नाही.

बोधकथेत चांगला झालेला माणूस शेवटी सुखी होतो. इथं शेठ चांगला झाला आणि बाटली रस्ता ओलांडून गेली. एका दुकानदाराच्या सद्बुद्धीनं एका दुकानातलं विष थांबतं, तेवढंच. अमेरिकेत मोनोक्रोटोफॉसची नोंदणी १९८८ मध्येच मागे घेतली गेली होती. भारतात ३६ टक्के मोनोक्रोटोफॉसची नोंदणी रद्द करणारा केंद्र सरकारचा आदेश २०२३ मध्ये निघाला, तोही उरलेला साठा मुदत संपेपर्यंत विकायची सवलत देऊन. सारणची मुलं आणि यवतमाळचे मजूर यांच्यानंतर. आणि लाल-पिवळ्या त्रिकोणाच्या रांगेत ते एकटं नव्हतं.

तुमच्या घरचं कोणी फवारणीला जात असेल, किंवा तुमच्या वावरात दुसऱ्याचं कोणी फवारत असेल, तर पक्कं बिल मागा आणि त्यावर औषधाचं नाव लिहून घ्या. बाटली लेबलसकट जपून ठेवा, त्यात घासलेट किंवा तेल भरू नका. फवारणाऱ्याला लाळ, घाम, अंधारी, थरथर यातलं काहीही झालं तर ऊन लागलं म्हणून झाडाखाली निजवू नका. अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा आणि बाटली हातात घेऊन लगेच दवाखाना गाठा.